स्नॅपड्रॅगनचे फूल आणि वर्गीकरणाचा पाठ

वनस्पतींचे वर्गीकरण हा विषय शाळेच्या वरच्या वर्गांत आला की तो बहुधा पाठांतराचा विषय होऊन बसतो. अमुक झाड अमुक कुलातील, तमुक झाड तमुक कुलातील, अशी यादी विद्यार्थी मुखोद्गत करतात व परीक्षा संपताच विसरून जातात. ते कुल कोणी ठरविले, कशावरून ठरविले, आणि एकदा ठरविलेले कुल पुढे बदलू शकते काय, हे प्रश्न वर्गात सहसा निघत नाहीत. ते निघावेत व त्यांची उत्तरे मुलांनी आपल्या डोळ्यांनी शोधावीत, यासाठी एखादे सोयीचे फूल हाताशी असणे अगत्याचे आहे. हिवाळ्यात बागांतून फुलणारे स्नॅपड्रॅगन हे असेच एक फूल होय.

या फुलाची सोय दुहेरी आहे. एक तर ते चांगले मोठे असून कोणत्याही उपकरणाशिवाय बोटांनी उकलता येते. दुसरे असे की, त्याचे कुलच अलीकडे बदलले आहे. जुन्या पुस्तकांत स्नॅपड्रॅगन स्क्रोफ्युलॅरिएसी कुलात दिलेले आढळते. नव्या पुस्तकांत तेच प्लँटॅजिनेसी, म्हणजे इसबगोलाच्या कुलात दिलेले असते. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने दोन्ही पुस्तके पुढे ठेवून “यांतले खरे कोणते?” असे विचारले, तर शिक्षकांनी काय उत्तर द्यावे? त्या उत्तराकडे नेणारी वाट फुलातूनच जाते. म्हणून प्रथम फूल व मग कुल, असा क्रम येथे ठेविला आहे.

नाव व मूळस्थान

स्नॅपड्रॅगनचे शास्त्रीय नाव अँटिऱ्हायनम मेजस असे आहे. ‘अँटिऱ्हायनम’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘नाकासारखे’ असा होतो. ‘मेजस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मोठे’. फूल दोन्ही बाजूंनी हलकेच दाबले असता त्याचे ओठ उघडतात व बोटे सोडताच ते पुन्हा मिटतात. या खेळावरूनच इंग्रजीत त्याला ड्रॅगनच्या तोंडाचे नाव मिळाले. आपल्याकडील बागांतून ‘डॉग फ्लॉवर’ हेही नाव ऐकू येते.

या वनस्पतीची मूळ भूमी म्हणजे भूमध्य समुद्राचा पश्चिम भाग. स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्स व त्यांच्या आसपासच्या प्रदेशांत तिच्या रानटी जाती खडकांच्या फटींत, दगडी उतारांवर आणि जुन्या भिंतींवर उगवतात. मूळची ती बहुवर्षायू आहे. परंतु बागांत तिची लागवड एकवर्षायू हंगामी फुलझाड म्हणूनच करतात. महाराष्ट्रात पावसाळा सरता सरता बी पेरल्यास हिवाळ्यात बहर येतो व उन्हाळ्याची झळ लागताच झाडे वाळू लागतात. बुटक्या वाणांची उंची वीतभर असते, तर उंच वाण कमरेपर्यंत वाढतात.

झाडाचे बाह्य स्वरूप

खोड सरळ वाढते. पाने अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी व अखंड कडांची असतात. खोडाच्या खालच्या भागात ती समोरासमोर, तर वरच्या भागात एकाआड एक येतात. हा फरक विद्यार्थ्यांनी अवश्य टिपावा. पानांची मांडणी एकाच झाडावर बदलू शकते, हे त्यावरून कळते. फुले शेंड्याकडील लांब मंजरीवर येतात. मंजरीतील सर्वांत खालचे फूल आधी उमलते व शेंड्याची कळी शेवटी. त्यामुळे एकाच मंजरीवर खाली फळ, मध्ये फूल आणि वर कळी अशा तिन्ही अवस्था एकदम पाहावयास मिळतात.

फुलाची रचना

फुलाचे निरीक्षण बाहेरून आत, या क्रमाने करावे.

निदलपुंज पाच लहान हिरव्या दलांचा असतो. दलपुंज पाच पाकळ्यांचा असून त्या तळाशी जुळून एक नळी तयार झालेली असते. नळीच्या टोकाशी या पाकळ्यांचे दोन ओठ होतात : दोन पाकळ्यांचा वरचा ओठ व तीन पाकळ्यांचा खालचा ओठ. ओठांच्या कडांवरील खाचा मोजल्या म्हणजे पाच हा आकडा मुलांना स्वतःच सापडतो. नळीच्या तळाशी खालच्या बाजूस एक छोटा फुगीर भाग असतो. याच प्रदेशात वाढणाऱ्या लिनेरिया नावाच्या आप्त वनस्पतीत त्या ठिकाणी लांब टोकदार शुंडिका असते. फुगवटा की शुंडिका, एवढ्या लहान खुणेवरून या दोन प्रजाती ओळखता येतात.

खालच्या ओठाचा मधला भाग वर उचललेला असून तो नळीचे तोंड बंद करतो. या उंचवट्यास फुलाचा टाळू म्हणतात. मिटलेल्या तोंडाच्या अशा फुलांना पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी मुखवट्याची उपमा दिली होती.

आता नळी एका बाजूने उभी चिरून उघडावी. आत वरच्या ओठाखाली चार पुंकेसर दिसतील. त्यांपैकी दोन लांब व दोन आखूड असतात. पाकळ्या पाच, मग पुंकेसर चारच का, हा प्रश्न येथे मुलांकडून यावा. भिंगाने नीट पाहिल्यास वरच्या बाजूस, दोन पाकळ्यांच्या मधोमध, एक बारीक खुंट आढळतो. हा पाचवा पुंकेसर होय. त्याची वाढ कोवळ्या अवस्थेतच थांबते व त्यात पराग तयार होत नाहीत. हा खुंट विद्यार्थ्यांच्या लक्षात राहील असे पाहावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

मध्यभागी स्त्रीकेसर असतो. त्याचा अंडाशय पाकळ्यांच्या वरच्या पातळीवर असून आडवा कापल्यास त्यात दोन कप्पे दिसतात. प्रत्येक कप्प्यात मधल्या जाड भागावर असंख्य बारीक बीजांडे चिकटलेली असतात.

हे फूल वरपासून खालपर्यंत उभे चिरले तरच त्याचे दोन सारखे भाग होतात. अन्य कोणत्याही दिशेने चिरल्यास होत नाहीत. अशा फुलाची सममिती द्विपार्श्व असते. धोत्र्याच्या किंवा जास्वंदीच्या पाकळ्या मध्याभोवती सारख्या मांडलेल्या असतात. तेथील सममिती अरीय होय. दोन्ही प्रकारची फुले शेजारी ठेवून हा भेद दाखविल्यास व्याख्या घोकण्याची गरज उरत नाही.

ओठ मिटलेले का?

मिटलेल्या ओठांमागे परागीभवनाची योजना आहे. मध नळीच्या तळाशी असतो. त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी कीटकाने खालच्या ओठावर बसून आपल्या वजनाने व बळाने तोंड उघडावे लागते. स्नॅपड्रॅगनच्या मूळ प्रदेशात हे काम मुख्यत्वे बंबलबी नावाच्या जाड, केसाळ मधमाश्या करतात. माशी आत शिरली की वरच्या ओठाखालील परागकोश तिच्या पाठीवर घासले जातात आणि दुसऱ्या फुलात शिरताना तेच पराग तेथील स्त्रीकेसरास लागतात. पराग घेऊन न जाणारे अनेक हलके कीटक बाहेरच अडतात. पाकळीच्या पृष्ठभागावरील पेशी शंकूच्या आकाराच्या असतात. त्यामुळे माशीच्या पायांना पकड मिळते व पाकळीचा रंगही अधिक गहिरा दिसतो.

या जातीच्या अनेक रानटी आप्तांत फुलाचे पराग त्याच झाडाच्या स्त्रीकेसरावर पडले तर बीजधारणा होत नाही. तेथे माशीवाचून वंश चालत नाही. बागेतील स्नॅपड्रॅगनमध्ये मात्र स्वतःच्या परागांनीही बी धरते. माणसाच्या लागवडीतील वनस्पतीचा हा विशेष तिच्या अभ्यासात फार उपयोगी पडला, हे पुढे दिसून येईल.

फळ व बी

फलनानंतर अंडाशयाचे बोंड होते. ते वाळले म्हणजे त्याच्या शेंड्याशी तीन छिद्रे पडतात व बोंड लहानशा कवटीसारखे दिसू लागते. मुलांना ही गंमत फार आवडते. वाऱ्याने देठ हलला की छिद्रांतून थोडे थोडे बी बाहेर उडते. तिळाचे बोंड लांबीत तडकून उघडते, हे खेड्यातील मुलांना ठाऊक असते. त्याच्याशी तुलना करून बीजप्रसाराच्या दोन रीती समजावून देता येतात. स्नॅपड्रॅगनचे बी अत्यंत बारीक असल्यामुळे पेरताना त्यावर मातीचा जाड थर देऊ नये. बारीक मातीत मिसळून ते वरच्यावर पसरावे.

लिनीअसची पद्धती

स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीस प्रजाती व जाती अशी दोन शब्दांची नावे दिली. अँटिऱ्हायनम मेजस हे नाव त्याच ग्रंथातील आहे. लिनीअसच्या वर्गीकरणाचा मुख्य आधार पुंकेसरांची संख्या व मांडणी हा होता. दोन लांब व दोन आखूड पुंकेसर असलेल्या वनस्पतींचा त्याने एक स्वतंत्र वर्ग केला. त्याचे दोन भाग पाडले : ज्यांचे बी बोंडात झाकलेले असते ती झाडे एका भागात, आणि ज्यांच्या फळाचे चार उघडे दाणे दिसतात ती दुसऱ्या भागात. स्नॅपड्रॅगन व तीळ पहिल्या भागात आले; तुळस दुसऱ्या भागात गेली.

ही पद्धती वापरण्यास अतिशय सोपी होती. पुंकेसर मोजता येणाऱ्या कोणासही अनोळखी झाडाचा वर्ग शोधता येई. परंतु एकाच खुणेवर विसंबल्यामुळे तीत दोष राहिला. अडुळशाचे फूल दोन ओठांचे असूनही त्यात पुंकेसर दोनच, म्हणून ते वेगळ्या वर्गात पडले. व्हेरोनिका या वनस्पतीचेही तसेच झाले. इसबगोलाच्या प्रजातीत चार सारखे पुंकेसर असल्यामुळे ती तिसऱ्याच वर्गात गेली. व्हेरोनिका, इसबगोल आणि स्नॅपड्रॅगन ही तीन अगदी जवळची भावंडे आहेत, हे आज निश्चित झाले आहे. लिनीअसच्या मांडणीत ती तीन घरांत विभागली गेली होती. आपली पद्धती ही सोयीसाठी केलेली मांडणी आहे, निसर्गातील खऱ्या नात्यांची मांडणी अद्याप व्हावयाची आहे, याची जाणीव स्वतः लिनीअसलाही होती.

एक खूण की अनेक खुणा?

पुढील पिढ्यांतील शास्त्रज्ञांनी एका खुणेऐवजी अनेक खुणा एकत्र विचारात घेण्यास आरंभ केला. पाकळ्यांची जुळणी, सममिती, अंडाशयाची जागा, कप्प्यांची संख्या, बीजांडांची मांडणी, फळाचा प्रकार, पानांची मांडणी या सर्वांचा मेळ घालून कुले ठरविण्यात आली. जॉर्ज बेंथॅम व जोसेफ हूकर या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८६२ ते १८८३ या काळात केलेली मांडणी भारतातील महाविद्यालयांतून दीर्घकाळ शिकविली गेली. तीत स्नॅपड्रॅगन स्क्रोफ्युलॅरिएसी या मोठ्या कुलात होते. जुळलेल्या पाकळ्या, दोन ओठ, बहुधा चार पुंकेसर, दोन कप्प्यांचा अंडाशय आणि बहुबीज बोंड, ही त्या कुलाची लक्षणे. आपल्याकडील नीरब्राह्मी व ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला हेही याच कुलात होते. इसबगोलाचे छोटेसे कुल मात्र कोठेच नीट बसेना. म्हणून त्याची नोंद जुळलेल्या पाकळ्यांच्या कुलांच्या शेवटी, अपवाद म्हणून, करण्यात आली होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या हाती एक नवे साधन आले. प्रत्येक सजीवाच्या पेशींत डीएनए नावाचे द्रव्य असते व त्यात आनुवंशिक माहिती चार रासायनिक अक्षरांच्या क्रमाने साठविलेली असते. पिढ्यान्‌पिढ्या नकला होताना त्यात क्वचित बदल होतात व ते पुढील पिढ्यांकडे जातात. म्हणून दोन वनस्पतींतील हे अक्षरक्रम ताडून पाहिले असता त्यांचे पूर्वज केव्हा वेगळे झाले असावेत, याचा अंदाज बांधता येतो. हस्तलिखित पोथ्यांच्या नकला ताडून पाहणारा संशोधक समान चुकांवरून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरविली हे ठरवितो, तशीच ही रीत आहे.

पानांतील हरितलवकांच्या डीएनएची अशी तुलना करून १९९५ व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असे दिसून आले की, स्क्रोफ्युलॅरिएसी हे एक कुटुंब नव्हतेच. त्यातील वनस्पती वेगवेगळ्या शाखांतून आलेल्या होत्या. दोन ओठांचे फूल व बोंड ही लक्षणे त्यांच्याकडे एखाद्या दूरच्या पूर्वजापासून चालत आली होती. त्यांवरून जवळचे नाते ठरविता येत नव्हते. त्यामुळे जुन्या कुलाची फाळणी झाली. टारफुला परजीवी वनस्पतींच्या ओरोबँकेसी कुलात गेला. स्नॅपड्रॅगन, लिनेरिया, डिजिटॅलिस, व्हेरोनिका व नीरब्राह्मी ही इसबगोलाच्या प्लँटॅजिनेसी कुलात आली. ज्या इसबगोलास पूर्वी कोठेच जागा नव्हती, त्याच्याच नावाने आता हे मोठे कुल ओळखले जाते.

इसबगोलाच्या कणसातील फुले अगदी बारीक, चार पाकळ्यांची व अरीय सममितीची असतात. स्नॅपड्रॅगनच्या मोठ्या रंगीत फुलाशी त्यांचे नाते आहे, हे डोळ्यांना पटत नाही. शास्त्रज्ञांचे मत असे की, इसबगोलाच्या पूर्वजांची फुलेही द्विपार्श्व होती. पुढे परागीभवन बहुतांशी वाऱ्याकडून होऊ लागल्यावर ओठ, टाळू व भडक रंग यांचे प्रयोजन उरले नाही व ती रचना लोपली. रूप पालटले तरी वंश पालटत नाही, हे या उदाहरणावरून ध्यानी येते.

प्रजातीच्या आतील वर्गीकरणही असेच सुधारत आले आहे. पूर्वी अमेरिकेतील काही वनस्पतींचा समावेश अँटिऱ्हायनम प्रजातीत होत असे. त्यांच्या गुणसूत्रांची संख्या भूमध्य प्रदेशातील जातींच्या संख्येशी जुळत नाही. आता त्या निराळ्या प्रजातींत घातल्या जातात आणि मूळ प्रजातीत सुमारे २० ते २५ जाती उरतात. नेमका आकडा सर्वांस मान्य नाही, यास कारण आहे. फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतात किरमिजी व पिवळ्या फुलांचे दोन प्रकार शेजारशेजारी वाढतात. जेथे ते भेटतात तेथे संकर होऊन नारिंगी, गुलाबी, पांढरट अशी अनेक छटांची फुले दिसतात. परंतु थोड्याच अंतरावर दोन्ही प्रकार पुन्हा शुद्ध स्वरूपात आढळतात. यांना दोन जाती म्हणावे की एका जातीचे दोन उपप्रकार? निसर्गात रेषा पुसट असते. पुस्तकात ती ठळक काढावी लागते.

नियम मोडणारे फूल

आता त्या पाचव्या पुंकेसराच्या खुंटाकडे वळावयाचे.

स्वीडनमध्ये १७४२ साली एका विद्यार्थ्यास लिनेरियाचे एक विलक्षण झाड सापडले. त्याची पाने, खोड व वास नेहमीचाच होता. परंतु फुलाला ओठ नव्हते. पाचही बाजूंनी सारखी नळी, एका शुंडिकेऐवजी पाच शुंडिका व पाच पुंकेसर, असे ते फूल होते. लिनीअस ते पाहून थक्क झाला व १७४४ साली त्याने त्याचे वर्णन प्रसिद्ध करविले. ‘विलक्षण, राक्षसी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने त्यास पेलोरिया हे नाव दिले. पुंकेसरांच्या संख्येवर सारी इमारत उभारणाऱ्या शास्त्रज्ञापुढे एकाच झाडाने पेच टाकला होता : या फुलाचा वर्ग कोणता मानावयाचा?

स्नॅपड्रॅगनमध्येही अशी फुले अधूनमधून येतात. चार्ल्स डार्विन यांनी अशा झाडाचा साध्या झाडाशी संकर केला. पहिल्या पिढीतील सर्व झाडांना नेहमीची ओठांची फुले आली. त्या झाडांचे बी आपोआप धरू दिल्यावर पुढच्या पिढीत १२७ रोपे झाली. त्यांपैकी ८८ नेहमीच्या फुलांची, ३७ पेलोरिया फुलांची आणि २ मधल्या स्वरूपाची निघाली. डार्विननी हे आकडे १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदविले. परंतु त्यांमागील नियम त्यांच्या ध्यानी आला नाही. वाटाण्यांवरील प्रयोगांतून तीनास एक हे प्रमाण दाखविणारा ग्रेगोर मेंडेल यांचा निबंध दोनच वर्षांपूर्वी, १८६६ साली, छापला गेला होता. पण त्याकडे १९०० पर्यंत कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. डार्विनचे आकडे त्याच प्रमाणाच्या जवळ जातात. पुढे जर्मन शास्त्रज्ञ एर्व्हिन बाऊर यांनी स्नॅपड्रॅगनवरच आनुवंशिकतेचा विस्तृत अभ्यास केला. स्वपरागणाने बी धरणारे व संकरही सहज करता येणारे हे झाड प्रयोगशाळेत त्यामुळे कायमचे राहिले.

पेलोरियाचे कोडे उलगडण्यास मात्र अडीचशे वर्षे लागली. एन्रिको कोएन व त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडमधील नॉरिच येथे केलेल्या संशोधनात, १९९६ साली, स्नॅपड्रॅगनच्या फुलाची वरची बाजू घडविणारे एक जनुक ओळखण्यात आले. कळीच्या वरच्या भागात ते कार्य करते. त्यामुळे वरच्या पाकळ्या निराळ्या आकाराच्या होतात व तेथील पाचवा पुंकेसर खुंटतो. हे जनुक व त्याचे जोडीदार जनुक ही दोन्ही निकामी झाली की फूल सर्व बाजूंनी सारखे होते आणि खुंटणारा पुंकेसरही पूर्ण वाढतो. लिनीअसच्या पेलोरियाचाही १९९९ साली उलगडा झाला. तेथे त्याच प्रकारच्या जनुकाची अक्षरे शाबूत होती. मात्र त्यांवर रासायनिक खुणा चिकटून ते जनुक मुके झाले होते.

सारांश, त्या बारीक खुंटात फुलाचा पूर्वेतिहास लपलेला होता. पाच पाकळ्यांस पाच पुंकेसर अशी मूळची योजना असून चार ही संख्या नंतरची आहे. केवळ पुंकेसर मोजणाऱ्यास चार दिसतात; खुंट पाहणाऱ्यास पाचवाही दिसतो.

परिसरातील आप्त

ज्या गावी स्नॅपड्रॅगन मिळत नसेल, तेथेही हा पाठ अडत नाही. तुळस, तीळ, अडुळसा, टारफुला, नीरब्राह्मी, इसबगोल आणि सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात फुलणारी सीतेची आसवे, या सर्वांचा गण स्नॅपड्रॅगनचाच आहे. त्यास लॅमिएलिस किंवा तुळशीचा गण म्हणता येईल. कुले मात्र निरनिराळी आहेत. नीरब्राह्मी ओळखताना सावधपणा ठेवावा. गोलसर पानांची मंडूकपर्णी हिलाही पुष्कळ ठिकाणी ब्राह्मी म्हणतात. ती निराळ्याच कुलातील आहे. पाणथळ जागी पसरणारी, जाडसर छोट्या पानांची व फिकट निळसर-पांढऱ्या फुलांची ती नीरब्राह्मी.

स्नॅपड्रॅगनचा याहूनही जवळचा एक आप्त महाराष्ट्रात जुन्या भिंती, घाटांचे दगड व किल्ल्यांचे तट यांच्या फटींत वाढतो. नॅनोऱ्हायनम रॅमोसिसिमम हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव. पूर्वी त्यास किक्सिया व त्याआधी लिनेरिया म्हणत. दोऱ्यासारख्या बारीक फांद्या, भाल्याच्या फाळासारखी पाने व पिवळी, नखाएवढीही नसलेली फुले, अशी त्याची ओळख आहे. भिंगाखाली पाहिल्यास तेच मिटलेले ओठ, तोच टाळू आणि मागे छोटी शुंडिका स्पष्ट दिसते. भूमध्य समुद्राकाठच्या फुलाचा भाऊबंद आपल्या गावच्या पडक्या भिंतीवर भेटावा, हा आनंद विद्यार्थ्यांना अवश्य मिळवून द्यावा.

वर्गात घ्यावयाचे काम

चार-पाच विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटास एक फूल, एक कळी, एक बोंड, टाचणी व भिंग द्यावे. फुले देठावरून उतरू लागलेली घ्यावीत, म्हणजे बागेचे नुकसान होत नाही. चिरण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. गटाने पुढील गोष्टी क्रमाने पाहून वहीत आकृतीसह नोंदवाव्यात :

१. निदले किती? पाकळ्या किती व त्या कोठवर जुळलेल्या आहेत?
२. ओठ उघडण्यास किती जोर लागतो? मुंगी आत शिरू शकेल काय?
३. पुंकेसर किती, आणि पाचव्याचा खुंट सापडतो काय?
४. अंडाशयात कप्पे किती?
५. बोंडाला छिद्रे कोठे आहेत व किती?

त्यानंतर तिळाचे व तुळशीचे फूल घेऊन हेच पाच प्रश्न विचारावेत व उत्तरांचा तक्ता फळ्यावर मांडावा. कोणती दोन फुले एकमेकांना अधिक जवळची वाटतात, हे विद्यार्थ्यांनी तक्त्यावरून सांगावे व कारण द्यावे. दोन गटांची उत्तरे निराळी आल्यास शिक्षकांनी लगेच निवाडा देऊ नये. कोणत्या गटाने कोणत्या खुणेस अधिक महत्त्व दिले, याची चर्चा होऊ द्यावी. लिनीअस व त्यांच्यानंतरचे शास्त्रज्ञ यांच्यातील मतभेद याच जातीचा होता. उघड्या तोंडाच्या फुलांचे काही वाण रोपवाटिकांतून मिळतात. ते मिळाल्यास पाठाच्या शेवटी दाखवावेत व त्यांतील पुंकेसर मुलांकडूनच मोजवून घ्यावेत.

राहता राहिला दोन पुस्तकांचा प्रश्न. त्याचे उत्तर शिक्षकांनी सरळ द्यावे. जुन्या पुस्तकाच्या लेखकाने त्या काळी दिसणाऱ्या खुणांवरून प्रामाणिकपणे कुल ठरविले. पुढे नव्या खुणा हाती आल्या व ते बदलावे लागले. आज इसबगोलाचे कुल हेच मान्य आहे व उत्तरपत्रिकेत तेच लिहावे. परंतु उत्तराबरोबर त्याचे कारणही ज्याला सांगता येते, त्यालाच वर्गीकरण आले असे म्हणावे. ज्या विद्यार्थ्याने जुन्या पुस्तकावरून जुने नाव लिहिले असेल, त्याचे उत्तर नुसते खोडून त्यास गप्प बसवू नये. नाव का बदलले, हे त्याला फूल हाती देऊन दाखवावे. शास्त्राची पुस्तके बदलतात याची लाज शास्त्राला नाही, आणि ती बदलताना पाहिलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही पुस्तकाला कारण विचारल्यावाचून राहणार नाही.